खटक्याचा हात

त्या मंगळवारी स्वारगेटच्या चौकात तुझ्या स्कूटरचा आरसा एका गाडीला घासला. गाडीतून तिघे उतरले. एकाच्या हातात चाक खोलायचा पाना होता. तू स्कूटर स्टँडवर लावलीस आणि बोलायला म्हणून हेल्मेट काढलंस. पाना तुझ्या कानामागे लागला. तू दुभाजकावर पडलास. पडल्यावरही ते मारत होते. बुधवारी दुपारी तू गेलास.

सुगत, कॉलेजच्या वार्षिक अंकात तुझ्यावर पानभर मजकूर येणार आहे. तो मीच लिहून दिला. हसरा, मनमिळाऊ, हरहुन्नरी. ‘फार कडवट नको’ असा निरोप होता, म्हणून कडू ते सगळं काढलं आणि उरलं ते दिलं. तू वाचलं असतंस तर म्हणाला असतास, “कोण हा मुलगा? ओळख करून दे, बरा वाटतोय.” हे दुसरं लिहिते आहे ते तुझ्यासाठी. सध्या हे कुठे छापायचं नाही. का, ते पुढे येईलच.

आपली ओळख खटक्यामुळे झाली. शेवटच्या वर्षाला दोन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करायची होती, सरांनी जोड्या लावल्या आणि माझ्या वाट्याला तू आलास. वर्गात मी पुस्तक उघडून बसणारी, तू मागच्या बाकावरून शेरे मारणारा. पहिल्याच दिवशी तू माझं नाव बदललंस. “मृणाल लांब पडतं. ग्रंथपाल म्हणतो.” ग्रंथपाल त्याहून लांब आहे, असं मी म्हटलं. “असू दे. शोभतं.”

खटक्या हा रोबोट तू आधीच काढून ठेवला होतास. धड म्हणजे तेलाचा पत्र्याचा डबा, छातीवर जुन्या घरांत असतो तसला काळा खटका, गुडघे जरा आत वळलेले. तो एका गॅरेजात काम करतो. तिथला मेकॅनिक जाता-येता त्याला लाथ घालतो. कारण काही नाही, पत्रा वाजतो म्हणून. गॅरेज बंद झालं की खटक्या आपल्या पोटाचं झाकण उघडतो, हातोडी आत घालतो आणि आतून ठोकून दिवसभराचे पोचे काढतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाथ, पुन्हा हातोडी. मग एक दिवस लाथ बसते आणि खटक्याचा हात वर जातो. इथपर्यंत आपलं एकमत होतं.

माझं म्हणणं, त्याने हात खाली घ्यावा. तुझं म्हणणं, मारावं.

“मारलं तर तो त्यांच्यासारखाच होईल,” मी म्हणायची.

“होऊ दे ना एकदा. त्यांना तरी कुठे त्रास होतोय त्यांच्यासारखं असण्याचा?”

“मग आपण लोकांना सांगतोय काय?”

“दोन मिनिटं त्याला लाथा घालायच्या आणि शेवटी समजूतदारपणाही त्याच्याकडूनच मागायचा? तुमच्या शनिवार पेठेत चालतं ते. तुमच्यात हात खाली घेतला की कौतुक होतं. आमच्यात हात खाली घेतला की आणखी एक बसते.”

तू हे हसत म्हणालास. मला ते लागलं, आणि लागलं हे दाखवायचं नव्हतं, म्हणून मी तुझ्या घरच्या पंचशीलाचा विषय काढला. प्राणिहिंसा करणार नाही, हे तू लहानपणापासून म्हणत आला आहेस ना? तू शांतपणे म्हणालास, “मी म्हटलंय. खटक्याने अजून दीक्षा घेतलेली नाही.” वाद तिथे संपला असं तुला वाटलं असेल. माझ्याजवळ त्याला उत्तर तयार होतं. पुढच्या वेळी देऊ म्हणून मी ते ठेवून दिलं. आज ते उत्तर मला आठवतही नाही.

आपल्या मारात वजन येत नव्हतं. सर शॉट बघून म्हणाले, “कापसाची माणसं कापसाच्या माणसांना मारतायत.” तेव्हा आपण धायरीला तुमच्या इमारतीच्या गच्चीवर गेलो. या कामात असंच करतात. जी हालचाल हवी ती आधी आपण करायची, तिचं चित्रण करायचं आणि मग ते फ्रेम फ्रेम थांबवून पात्राला तसं हलवायचं. मोबाइल पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवला. मारायला मी आणि सतरंजीची गुंडाळी, मार खायला तू.

“अगं जोरात मार ना. वाळत घातलेली चादर झटकतेस का?”

“लागेल तुला.”

“लागायलाच पाहिजे. नाही लागलं तर मी पडणार कसा?”

मी मारलं. पाठीत, खांद्यावर, गुडघ्यामागे. तू पडत होतास, उठत होतास, अंगावरची धूळ तशीच ठेवून पुन्हा समोर येत होतास. माझ्या हाताला घाम आला. सांगायला लाज वाटते, पण नंतर नंतर मला ते आवडायला लागलं. फटक्याचा आवाज, तुझा सुटणारा तोल. मग अदलाबदल झाली आणि खटक्या कसा मारेल ते तू करून दाखवलंस. “आधी नजर जाते. मग खांदा मागे. मग हात. लोकांना मार दिसायच्या आधी नियत दिसली पाहिजे,” असं म्हणून तू मोबाइलवर झेप घेतलीस, ओरडत, मूठ वळून.

तुझी आई वर आली. “खालचे विचारतायत, वर कोण कोणाला मारतंय?”

“अभ्यास चाललाय, आई.”

“हा?” त्यांनी माझ्या हातातली गुंडाळी बघितली आणि काढून घेतली. “ही पाहुण्यांची आहे. मारामारीला जुनी देते, थांब.”

त्यांनी खरंच जुनी आणून दिली.

चौकातला व्हिडिओ माझ्या मोबाइलवर आला तेव्हा तुला जाऊन काही तास झाले होते. कुठल्याशा दुकानाच्या कॅमेऱ्यातला, आवाज नसलेला. आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी पाठवला होता. त्यांना तू कोण हे माहीत नव्हतं. जेवताना विषय निघाला. काका म्हणाले, “हल्लीची मुलं. उलट बोलला असणार काहीतरी. उगाच कोण कशाला मारेल?” मी समोरचं ताट उचललं आणि भिंतीवर फेकलं. आमटी काकांच्या शर्टावर उडाली, वाटी फ्रिजपर्यंत गडगडत गेली. आमच्या घरात मी आवाज चढवलेलाही कुणी कधी ऐकला नव्हता. काका म्हणाले, “अगं, मी आपलं जनरल बोलतोय.” मी म्हटलं, तो सुगत आहे. मग बराच वेळ कुणीच आमटी पुसायला उठलं नाही.

तो व्हिडिओ मी फ्रेम फ्रेम थांबवून बघितला. बघू नये हे कळत होतं, पण मला बघण्याची तेवढीच रीत शिकवलेली आहे. पान्याच्या आधी काही नाही, सुगत. नजर नाही, खांदा नाही. तो माणूस डाव्या हाताने आपला चौकडीचा शर्ट सारखा करतो आणि उजव्या हाताने पाना येतो. मार हलका दिसतो. सरांना दाखवला असता तर त्यांनी वजन नाही म्हणून परत पाठवला असता. तू पडतोस तेही चुकीचं दिसतं. गच्चीवर तू किती सुरेख पडायचास, आधी गुडघा, मग कूस, मग हात. इथे नुसता खाली गेलास. त्यानंतर त्यातला एक जण दुभाजकाचा कठडा धरून उभा राहतो, आपला तोल जाऊ नये म्हणून, आणि नीट आधार मिळाल्यावर तुझ्या तोंडावर लाथा घालतो. मागे बस थांबली आहे. तिच्या खिडक्यांतून मोबाइल बाहेर आले आहेत. शेवटी ते थांबतात. दया आली म्हणून नव्हे, सिग्नल सुटला म्हणून. गाडीत बसण्याआधी तो शर्टवाला बूट दुभाजकावर घासून पुसतो.

मी कॉलेजात गेले ती थेट संगणकाच्या खोलीत, आणि त्या माणसाचं मॉडेल बनवायला घेतलं. चेहरा, पोट, शर्टाच्या चौकड्या, सगळं. मग त्याला खटक्यासमोर उभं केलं आणि खटक्याकडून मारवलं. आधी जबडा. मग गुडघा, उलट्या बाजूला वाकेपर्यंत. मॉडेलला हाडं नसतात, सांधे असतात. मी एकेक सांधा मोडला. खटक्याच्या हातात पाना दिला आणि मान आडवी होईपर्यंत तो चालवला. पडल्यावर बरगड्यांवर खटक्याचे दोन्ही पाय नाचवले. पत्र्याच्या पायांखाली छाती कशी आत जाईल याची मी काळजीपूर्वक मोजमापं घेतली. इतकं अचूक वजन मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. शेजारच्या मुलीने आपली खुर्ची लांब सरकवली. सर मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं थांबवतील. ते म्हणाले, “जेवलीस का?” आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले.

पण टाइमलाइन पहिल्या फ्रेमवर ओढली की तो उभा. शर्ट नीट, दात जागच्या जागी. मी पुन्हा मारायची, तो पुन्हा उभा. किती दिवस हे चाललं ते मला सांगता येणार नाही. थांबले ती दमून. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे.

मग धायरीहून फोन आला. पकडलेल्या त्या तिघांचं म्हणणं होतं, आधी हात यानेच उचलला. आणि व्हिडिओत ते दिसतं. तू कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा आहेस आणि पाना येण्याआधी तुझा उजवा हात वर जातो. हे मी आधीही पाहिलं होतं. त्याचा असा अर्थ कुणी लावेल हे मात्र मनात आलं नव्हतं, कारण मला तो हात ओळखीचा होता. पंजा उघडा, कोपर पोटाजवळ, खांदा जागच्या जागी. माझं बोलणं तोडायचं असलं की तू तोच हात वर करायचास. थांब, आधी ऐकून घे. त्या हाताचा मला वर्षभर राग आलेला आहे.

तुझ्या बाबांबरोबर मी पोलिस ठाण्यात गेले. साहेबांनी विचारलं, “तुम्ही कोण त्याच्या?”

“आम्ही एकत्र फिल्म करत होतो.”

“बरं. बोला.”

“मारायचं असतं तर खांदा आधी मागे गेला असता, साहेब. मूठ वळली असती. तो मारायला हात उचलायचा तो कसा, हे आमच्याकडे आहे. दाखवते.”

मी गच्चीवरची क्लिप लावली. फरक इतका उघड होता की त्यापुढे बोलायची गरज नाही, असं मला वाटलं होतं. क्लिपमध्ये तू झेप घेतलीस, ओरडलास, मूठ थेट काचेपर्यंत आली. साहेबांनी ती पुन्हा लावायला सांगितली.

“चांगला मारतो की पोरगा,” ते म्हणाले.

जबाब वाचून दाखवला तेव्हा त्यात वाक्य होतं, ‘मयत इसम मारहाणीचा सराव करीत असल्याबाबतचे व्हिडिओ साक्षीदाराकडे आहेत.’ आपल्या कामाच्या रीतीवर माझा इतका विश्वास होता की बाहेरच्या माणसाला ती कशी दिसेल, हा विचारच मी केला नव्हता. मी म्हटलं, हे खोडा. सराव नाही, अभिनय.

“कशासाठी अभिनय?”

“रोबोटसाठी.”

साहेबांनी तुझ्या बाबांकडे बघितलं. “काका, ही काय म्हणतेय?”

बाबा म्हणाले, “बरोबर बोलतेय, साहेब. पोरं कार्टून करत होती.”

खोडलं एकदाचं. परतताना आम्ही रिक्षा केली. दांडेकर पूल गेल्यावर बाबा म्हणाले, “तुझ्या मोबाइलमध्ये तो किती हलतोय गं.” मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. धायरी येईपर्यंत तू त्यांच्या तळहातावर पडत होतास आणि उठत होतास.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी आले होते. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. आई भांडी आवरत होत्या. मी ताटं पुसायला घेतली. त्यांनी विचारलं, “तुमच्या त्या सिनेमाचं काय झालं?”

“शेवटचा शॉट राहिलाय, काकू. खटक्याचा हात वर जातो. पुढे त्याने मारायचं की नाही, यावर आमचं जमत नव्हतं.”

“मारावं असं त्याला वाटत असेल.”

“हो.”

“आणि तुला?”

“नव्हतं वाटत. आता वाटतं.”

त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. “आत्ता नको. वकीलबाई सांगत होत्या, समोरचे लोक त्याच्या नावावर काय काय सापडतं ते हुडकतायत. कुठे काय लिहिलं, काय काढलं. तुमचा डबा मारताना दिसला की म्हणतील, बघा, पोराच्या डोक्यात हेच होतं.”

“काकू, तो रोबोट आहे.”

“मला सांगतेस? तो काढत बसायचा तेव्हा चहा मी द्यायचे.” मग पातेलं पुन्हा उचलून म्हणाल्या, “माझा मुलगा आता बोलायला येणार नाही, मृणाल. डबा थांबेल.”

त्या बरोबर होत्या. त्या बरोबर आहेत याचा मला इतका संताप आला की हातातलं ताट मी घट्ट धरून ठेवलं. तुला मारून त्या तिघांचं भागलं नव्हतं. तुझ्या रोबोटचा हातसुद्धा त्यांनी वरच्या वर धरला होता.

तर फिल्म तशीच दिली. हात वर जातो आणि पडदा काळा होतो. परीक्षेला बाहेरून आलेले गृहस्थ फार खूश झाले. “शेवट अधांतरी ठेवलात, यातच प्रगल्भता आहे,” म्हणाले. “हिंसेला उत्तर न देणं हेच खरं उत्तर.” माझ्या पायाशी वायरींचा लोखंडी पेटारा होता. तो उचलून त्यांच्या चष्म्यावर घालावा, काचा डोळ्यांत जाईपर्यंत दाबावा आणि मग त्यांच्या उत्तराची वाट बघावी, असं मला अगदी स्पष्ट वाटलं. मी म्हटलं, धन्यवाद. तू असतास तर टाळ्या वाजवल्या असत्यास. “अभिनंदन, ग्रंथपाल. हात खाली न घेताही तुझंच खरं झालं.”

माझं खरं झालेलं नाही. पण तुझंही पूर्ण खरं होतं असं मी अजून म्हणणार नाही. एवढा वाद मला चालू ठेवू दे. मी त्या माणसाला दिवसेंदिवस मारून पाहिलं आहे, त्यातून काय मिळतं ते मला तुझ्याहून जास्त माहीत आहे. तू खऱ्या आयुष्यात कुणाला मारलं नाहीस. तू हेल्मेट काढलंस. बोलताना समोरच्याला तोंड दिसायला हवं, असं तुला वाटलं. मारायची बाजू घेणाऱ्या माणसाने असं वागायचं असतं का? हे मला तुला विचारायचं आहे आणि तू पाठ करून उभा आहेस. तू तेव्हा काय म्हणत होतास, तेही मला कधी कळणार नाही. आणि समजा त्या पंज्याची पुढे मूठ झाली असती, तरी काय? मूठ झाली असती तर तू मरायला पात्र ठरला असतास का? कोर्टात हा प्रश्न कुणी विचारणार नाही. तिथे फक्त हात बघणार आहेत.

तुझ्याकडून मी वजन शिकले. त्याआधी मी वाचलेलं खूप होतं आणि त्यातलं काही मला लागलेलं नव्हतं. तू माझ्या हातात गुंडाळी दिलीस आणि जोरात मार म्हणालास, तेव्हा पहिल्यांदा माझ्या हातून या जगात काहीतरी हललं. ते हलणारं तू होतास. तू वर्गात आलास की मी पान न वाचताच उलटायची, हेही सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तू काहीतरी कुचकट बोलला असतास. ते ऐकायला मी आज काय वाटेल ते देईन.

परीक्षेचा निकाल लागल्यावर मी शेवटचा शॉट केला. तुझ्या गच्चीवरच्या क्लिपवरून, तू सांगितलंस तसाच. आधी नजर, मग खांदा, मग हात. नियत दिसते. मेकॅनिक पडतो, आणि पडलेला राहतो.

तिघांना जामीन मिळाला आहे. केसची पुढची तारीख पडली आहे. शॉट माझ्याजवळ आहे. त्यात तो मारतो.